पैनगंगा अभयारण्यातून कयाक: परवानगी मागायची तर कोणत्या अटींवर?

थडीवाला

नमस्कार मंडळी. नांदेड, हिंगोली, यवतमाळकडच्या लोकांनी हा धागा जरूर वाचावा आणि मनात असेल ते स्पष्ट लिहावं.

आम्ही नांदेड-संभाजीनगरकडची काही मुलंमुली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान अरुंद नाव, चालवतो. शिकलो कोलाडला, कुंडलिका नदीवर. एरवी सराव तलावात. मराठवाड्यात वाहत्या पाण्यात कयाक घालावी अशा जागा फार थोड्या. पैठणच्या खाली गोदावरी जागोजागी अडवलेली आहे: आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी, आमदुरा, बाभळी. एका बंधाऱ्याचा फुगवटा संपतो न संपतो तोच पुढच्याचा लागतो. मांजरा, तेरणा, सिंदफणा पूर आला की चार दिवस धावतात आणि पुन्हा बसतात. उरते पैनगंगा.

इसापूर धरणाच्या खाली ही नदी मराठवाडा-विदर्भाची शीव धरून पूर्वेला निघते. अलीकडच्या थडीला हदगाव, हिमायतनगर, किनवट आणि पलीकडे उमरखेड. वाटेत कयाधू येऊन मिळते. पुढे सागाचं जंगल आणि पैनगंगा अभयारण्य, ज्याला नदीनेच तीन बाजूंनी वेढा घातला आहे. मग इस्लापूरजवळ सहस्रकुंड.

धबधबा पाहायला सगळेच जातात, पण वरच्या अंगाचं पात्र फार कमी लोक निरखून बघतात. तिथे काळ्या बेसाल्टचा कातळ आडवा पसरलेला आहे आणि नदी त्यात अनेक धारांनी विभागून जाते. पाऊस ओसरल्यावर तो उघडा पडतो तेव्हा कातळात गोल घासलेले रांजणखळगे दिसतात. काहींच्या तळाशी अजून ते घासणारे गोटे पडलेले असतात. भर पावसाळ्यात याच कातळाच्या पायऱ्यांवरून पाणी खळाळत उतरतं. प्रत्येक पायरीखाली एक लाट मागे वळून उभी राहते आणि खडकाच्या आडोशाला पाणी उलटं फिरतं. त्या आडोशाला आम्ही एडी म्हणतो. कयाकवाला तिथे शिरतो, दम खातो, पुढची धार बघतो आणि मग बाहेर पडतो. दख्खनच्या पठारावर असं पाणी मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे आणि चोरून जायचं नाही हे आमचं आधीच ठरलंय. आमचा विचार असा: पावसाळ्यात, नदीला पुरेसं पाणी असताना, लहान गटांनी, पात्रातूनच जायचं, काठावर मुक्काम नाही, आग नाही, मोटरबोट तर नाहीच. धबधब्याच्या बऱ्याच वर बाहेर पडायचं. यासाठी रीतसर अर्ज करावा का? अर्ज करण्याआधी विरोधातलं सगळं ऐकून घ्यायचंय.

निलपंख

भाऊ, विचारताय हे चांगलं केलंत. माझा विरोध आहे. मी परभणीची, पक्षी बघते, आणि तुमच्या गटाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला काळजी आहे ती तुमच्या मागून येणाऱ्यांची.

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ साली पैनगंगेच्या पट्ट्यातून, हिंगोलीकडून फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यात, येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात आला. एवढा प्रवास ही जनावरं कशाच्या आधाराने करतात? नदी-नाल्यांच्या काठची झाडी, वनखात्याचे तुकडे, आणि रात्रीचा शुकशुकाट. पैनगंगेचं खोरं ही त्यांची वाट आहे. पावसाळ्यात जंगलात माणूस कमी फिरतो, तेवढीच त्यांना उसंत. तुम्ही नेमके तेच महिने मागताय.

दुसरं म्हणजे हृषीकेश. तिथेही सुरुवात थोड्या हौशी लोकांपासूनच झाली. मग राफ्टिंगच्या कंपन्या आल्या, मग गंगेच्या वाळूवर तंबूंच्या रांगा. २०१५ मध्ये हरित लवादाला त्या तंबूंवर बंदी घालावी लागली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने नियमावली होईपर्यंत राफ्टिंगच थांबवलं. एकदा धंदा बसला की त्याला हलवणं किती अवघड जातं, हे त्या नदीने दाखवलंय. सहस्रकुंडला आज रविवारी काय गर्दी असते, किती प्लॅस्टिक पडतं, ते जाऊन बघा.

बोरीकर

निलपंख ताईंशी सहमत. एखादी जागा तरी माणसाविना राहू द्या.

थडीवाला

ताई, कंपन्यांची भीती मलाही आहे. म्हणून अर्जातच व्यावसायिक राफ्टिंगला आमचा विरोध लिहायचा विचार आहे. एक विचारायचं होतं. नदी सुरयची आणि टिटवीची वीण तर उन्हाळ्यात होते ना, वाळूच्या बेटांवर? पावसाळ्यात पाणी चढल्यावर ती बेटंच राहत नाहीत. मग पक्ष्यांच्या बाजूने पावसाळ्याला हरकत कमी ठरते का?

निलपंख

वाळूवर अंडी घालणाऱ्यांपुरतं ते बरोबर आहे. नदी सुरय साधारण मार्च ते मे. म्हणून उन्हाळ्यात तिथे कोणीच फिरकू नये, पायीसुद्धा नाही, हे मी तुमच्या अर्जात वाचलं तर मला आवडेल. पण काठावरच्या झाडीत पावसाळ्यात वीण करणारे पक्षी खूप आहेत. बगळे, पाणकावळे, ढोकरी यांची सारंगागारं, म्हणजे झाडांवरच्या एकत्र घरट्यांच्या वसाहती, पावसाळ्यातच भरलेल्या असतात. सारंगागाराखालून माणसांची रांग आरडाओरडा करत गेली तर पिलांवरून आई-बाप उठतात आणि घारी-कावळ्यांना मोकळं रान मिळतं. तेव्हा कुठल्या टप्प्यात काय आहे ते आधी कोणीतरी मोजलं पाहिजे. मोजल्याशिवाय "हरकत कमी" म्हणायला मी तयार नाही.

लातूर ते अटलांटा

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा लातूरचा, आता अमेरिकेत जॉर्जियात राहतो. इथून दोनेक तासांवर चट्टूगा नावाची नदी आहे. तिच्यावर हेच भांडण पस्तीस-छत्तीस वर्षं चाललं, म्हणून सविस्तर लिहितो.

चट्टूगाही दोन राज्यांची शीव आहे, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना. उगम नॉर्थ कॅरोलायनात. अमेरिकेत १९६८ साली नद्यांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७४ मध्ये चट्टूगा त्याखाली आली. अशा नदीवर धरण बांधता येत नाही. १९७६ मध्ये वनखात्याने खालचा भाग नाववाल्यांना खुला ठेवला आणि वरचा सुमारे ३४ किलोमीटरचा भाग बंद केला. कारण ट्राउट पकडणारे गळवाले. त्यांना शांतता हवी होती आणि नाववाल्यांशी खटके उडत होते.

नाववाल्यांचं म्हणणं होतं की गळवाला चालतो, पायी फिरणारा चालतो, तंबू ठोकणारा चालतो, मग आम्हीच का नको? २००४ च्या आराखड्यात बंदी कायम राहिली तेव्हा त्यांच्या संघटनेने अपील केलं. २००५ मध्ये वरच्या कार्यालयाने सांगितलं की बंदीला अभ्यासाचा आधार दिसत नाही, आधी अभ्यास करा. मग वर्षानुवर्षं मोजणी, सुनावण्या, हरकती. अखेर २०१२ मध्ये निर्णय झाला, आणि आपल्याला उपयोग आहे तो त्याच निर्णयाचा.

वरचा बराचसा भाग १ डिसेंबर ते ३० एप्रिल एवढ्याच काळात, दिवसाउजेडी, आणि मोजपट्टीवर किमान ३५० क्युसेक पाणी असेल तरच खुला. आपल्याकडे धरणाच्या विसर्गाच्या बातमीत येतो तोच हा क्युसेक, सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे सेकंदाला दहा हजार लिटरच्या आसपास पाणी असेल तर नाव घाला, नाहीतर नाही. कारण सरळ आहे. पाणी कमी असतं तेव्हा गळाला मासा लागतो आणि नाव दगडांवर घासते. पाणी चढतं तेव्हा गळ टाकण्यात अर्थ नसतो आणि नाव चालते. दोघांमधला निवाडा नदीच्या पातळीवर सोपवला. गट लहान, चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या. पात्रात झाड आडवं पडलं तर नाववाल्याच्या सोयीसाठी ते कापायचं नाही.

यावर नाववालेही कोर्टात गेले, कारण त्यांना जास्त हवं होतं, आणि नदीप्रेमी संस्थाही गेली, कारण तिला हेही नको होतं. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दोघांचंही फेटाळलं आणि २०१२ चा निर्णय कायम ठेवला.

थडीवाला

दादा, फार मोलाची माहिती. पाण्याच्या पातळीवर परवानगी बांधणं हे मला मनापासून पटलं. आपल्याकडेही तारखेवर नदी चालवायची सवय आहेच की. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलैला उघडतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवावे लागतात. धर्माबादच्या शाळकरी पोरालाही त्या तारखा पाठ असतील.

निलपंख

दुसरी बाजूही मांडते. अमेरिकेतच यलोस्टोन उद्यानात १९५० पासून नद्यांवर नाव चालवायला बंदी आहे. लुईस आणि शोशोनी या दोन तलावांमधला पाण्याचा पट्टा तेवढा हाताने वल्हवायच्या नावांना खुला आहे. बाकी तिथल्या उत्तमोत्तम नद्यांवर आजही कोणी जात नाही. नाववाल्यांनी २०१४ च्या सुमारास त्यांच्या संसदेपर्यंत प्रयत्न केले, तरी बंदी राहिली. म्हणजे "अभ्यास केला की उघडतंच" असं नाही. उत्तर "नको" आलं तर तुमचा गट ते मानेल का, हे आधी सांगा.

थडीवाला

मानेल. हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय, पुढे कोणीही दाखवू शकतं.

इस्लापूरकर

मी नदीकाठचाच हाय. सगळं वाचलं. तुमी लोकं चांगलं बोलायलेत, पण एक गोष्ट कोणीच बोलंना.

आमच्याकडचे भोई पिढ्यान्‌पिढ्या या नदीत जाळं टाकतेत. जंगलाची हद्द लागली की जाळं काढून घेतेत, दंड होतोय. कोणी केलं, कवा केलं, ते नाव घिऊन सांगत बसत नाई. आंध, कोलाम, गोंड लोकायला सरपनाची मोळी आनायला भ्याव लागतंय. आनि आता शहरातून रंगीत नाव घिऊन पोरं येनार, त्यायला परवाना मिळनार, आनि आमचा मानूस थडीवर उभा राहून बगनार. हे गावात कोनाला पटंल? तुमचा विरोध म्हनून नाई सांगत. तुमी आधी ग्रामसभेत या. ज्याचं पोट नदीवर हाय त्याला मागं ठेवून ज्याची हौस हाय त्याला पुढं सोडू नका.

दुसरं, पान्याचं. तुमी इसापूरच्या विसर्गाची बातमी वाचून निगाल. इसापूरची दारं बंद असली तरी कयाधू भरून येती. हिंगोलीकडं रात्री पाऊस झाला की आमच्याकडं सूर्य डोक्यावर आनि नदी चढायली, असं होतंय. गढूळ पान्यात काडीकचरा, सोयाबीनची गुळी वाहून यायली की समजा वर काहीतरी झालंय. तेवा आमचा मानूस बैलसुद्दा पान्याजवळ नेत नाई.

थडीवाला

दादा, तुम्ही म्हणता तेच सगळ्यात आधीचं आहे. ग्रामसभेत यायला आम्ही तयार आहोत आणि अर्ज त्यानंतरच.

गोदाकाठ

इस्लापूरकरांचं वाचून बरं वाटलं. मी पैठणचा, आमच्या घरात मासेमारी. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य. आमचा माणूस थर्माकोलच्या चप्पूवर बसून पाण्यात जातो. अंगात लाइफ जॅकेट नाही, कसलीच साधनं नाहीत. फुगवट्याच्या गावांतली पोरं थर्माकोलवर बसून शाळेत गेल्याच्या बातम्या २०२३ साली देशभर गाजल्या. हिवाळ्यात रोहित पक्षी, चक्रवाक, पट्टकदंब उतरतात तेव्हा पाहुणे येतात, काठावर गाड्या लागतात, आणि तेव्हाच पहाटे आमचं जाळं पाण्यात असतं.

थडीवाला भाऊ, तुमच्याकडे ज्या वस्तू आहेत, जॅकेट, हेल्मेट, फेकायची दोरी, आणि पुरात माणूस ओढून काढायचं जे शिक्षण आहे, ते काठच्या पोरांना देणार का? देणार असाल तर माझं मत तुमच्या बाजूने.

थडीवाला

देणार. आमच्या मनात हे होतंच. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. किनवटला नदी चढली तर तिथून माणसं पोचेपर्यंत जे काही करायचं ते काठच्या माणसालाच करावं लागतं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात गावोगाव हेच झालं. ट्रॅक्टर, ट्यूब, उसाच्या रसाची काहील, मिळेल त्याने लोकांनी लोकांना काढलं. फेकदोरी कशी फेकायची, वाहणाऱ्या माणसाला कुठल्या बाजूने धरायचं, पाय पुढे करून उताणं कसं तरंगायचं, हे चार दिवसांत शिकवता येतं. यासाठी कुठल्याही अभयारण्याच्या परवान्याची गरज नाही, म्हणून परवाना मिळो न मिळो, शिकवणी सुरू करू.

कुंडलिका गाइड

मी कोलाडला राफ्टवर गाइड आहे. सुरक्षेचं बोलतो.

कुंडलिकेला पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजघरातून. सकाळी पाणी सुटतं, त्यावर राफ्ट निघतात, दुपारपर्यंत खेळ आटोपतो. किती पाणी येणार ते माहीत असतं, त्यामुळे ती नदी शिकायला सोपी. पैनगंगा तशी नाही. इस्लापूरकर दादांनी कयाधूचं जे सांगितलं ते शंभर टक्के खरं धरा. चट्टूगासारखी खालची मर्यादा पुरणार नाही, वरचीही लागेल. अमुक क्युसेकच्या वर कोणीही पाण्यात उतरायचं नाही. मोजपट्टीचा आकडा बघायचा आणि तो चढतोय की उतरतोय तेही बघायचं. चढत्या पाण्यात कधीच नाही.

मराठवाड्यातल्या नद्यांत मला खरी भीती वाटते ती कोल्हापुरी बंधाऱ्यांची. रॅपिड, म्हणजे खडकांवरून खळाळत उतरणारं पाणी, दिसतो, ऐकू येतो. बंधारा वरून येणाऱ्याला दिसतच नाही, नुसती सरळ रेघ दिसते. पावसाळ्यात बरगे, म्हणजे मोऱ्या अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतील तर पाणी मोऱ्यांतून जातं. तिथे ओंडका किंवा माणूस अडकला की मागचं पाणी त्याला दाबून धरतं. बरगे तसेच राहिले असतील तर पाणी भिंतीवरून सारखं खाली पडतं आणि पायथ्याशी संपूर्ण रुंदीभर उलटी लाट तयार होते. तिच्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. नैसर्गिक रॅपिडमध्ये कडेला कुठेतरी सुटायला वाट असते, इथे या काठापासून त्या काठापर्यंत सगळं सारखंच. जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणारासुद्धा सुटत नाही. तेव्हा अर्जाच्या आधी तो सगळा टप्पा उन्हाळ्यात पायी चाला, बंधारा, फरशी पूल, तुटका पाइप, लोखंडी तारा, सगळं टिपून घ्या. परवानगी घेऊनच चाला, आणि ताई म्हणतात त्या वाळूच्या बेटांना लांबून वळसा घाला.

रांजणखळग्यांचं ऐकायला छान वाटतं. पण कमी पाण्यात पोहताना पाय त्यात अडकला तर माणूस उभ्या उभ्या वाहत्या पाण्याखाली जातो. म्हणून गुडघ्यापेक्षा खोल वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. गावातल्या पोरांना हे सगळ्यात आधी शिकवा. सहस्रकुंडला पाय घसरून जाणारे लोक नाव चालवत नसतात, ते फोटो काढत असतात.

फुलंब्रीचा

पावसाळ्यात पाणी भरवशाचं नसेल तर इसापूरमधून ठराविक दिवशी पाणी सोडायची मागणी का करत नाही? कोलाडला जमतं ते इथे का नको?

इस्लापूरकर

भाऊ, असं बोलू बी नका. उन्हाळ्यात नदीत प्यायला पानी सोडा म्हनून गावचे गाव निवेदनं देतेत, उपोषनाला बसतेत. ढोरायला पानी नसतंय. आनि खेळायला पानी मागनार?

थडीवाला

पाण्याचा एक थेंबही आम्ही मागणार नाही. जे निसर्गाने आणि धरणाच्या गरजेने वाहील त्यावरच. हे अर्जात पहिल्या ओळीत.

सागवान

मी वनखात्यातून निवृत्त. कायद्यापुरतं बोलतो, निर्णय देणाऱ्यांनी द्यावा.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. कलम २७ अभयारण्यात कोण जाऊ शकतो ते सांगतं. कामावरचा सरकारी माणूस, आत राहायची परवानगी असलेला, ज्याची आत जमीन आहे तो, सार्वजनिक रस्त्याने पार जाणारा, आणि यांच्यावर अवलंबून असलेले. बाकी सगळ्यांना परवाना लागतो. कलम २८ परवान्याची कारणं देतं: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. तुमचं काम पर्यटनात बसतं. परवाना द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. ते "देऊ शकतात" असं कायदा म्हणतो, दिलाच पाहिजे असं म्हणत नाही. तेव्हा हक्काची भाषा करू नका, ती इथे लागू पडत नाही.

दोन कामं आधी करा. एक, अधिसूचनेतली हद्द नकाशावर काढा. नदी कुठे हद्दीच्या आत आहे, कुठे नुसती शीव आहे, कुठे साफ बाहेर, ते वेगवेगळं रंगवा. अर्धी भांडणं नकाशा न बघता होतात. हद्दीबाहेरचा टप्पा तुम्हाला पुरत असेल तर आतला मागूच नका. दोन, राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. जमीन, पाणी, हवा, कुठलाही साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकाला त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तुम्ही पैसे घेत नसाल तरी ते नियम वाचा. प्रशिक्षित माणूस, प्रथमोपचार, विमा याबद्दल त्यात जे आहे ते तुम्ही आपणहून पाळलंत तर साहेबांसमोर बसताना बोलायला तोंड राहील.

आणि इस्लापूरकर, तुमचं म्हणणं मला नोकरीतही ऐकू यायचं. आत ज्यांचे पूर्वापार हक्क आहेत त्यांची चौकशी करून निवाडा करायची तरतूद याच कायद्यात आहे, आणि २००६ चा वनहक्क कायदा त्यानंतरचा आहे. त्यात पारंपरिक मासेमारीचा आणि पाण्याच्या वापराचा सामूहिक हक्क मागता येतो. तो दावा ग्रामसभेने करायचा असतो. या पोरांपैकी कोणाला कागदाचं काम येत असेल तर त्यांनी तुम्हाला त्यात हात द्यावा. कयाकचा अर्ज त्यानंतर.

किनवटची लेक

सागवान काकांचा प्रतिसाद जपून ठेवला. आमच्या गावात वनहक्काचा दावा म्हणजे शेतजमिनीचा, एवढंच माहीत आहे. नदीचाही मागता येतो हे कोणी सांगितलंच नव्हतं.

निलपंख

काका, या माहितीबद्दल मनापासून आभार. सारंगागारांची मोजणी मी आणि माझ्या दोन मैत्रिणी करायला तयार आहोत, वनखात्याची परवानगी घेऊन. जुलै-ऑगस्टमध्ये काठाकाठाने. जिथे घरटी सापडतील तो टप्पा अर्जातून वगळायचा, तो कितीही सुंदर रॅपिड असला तरी. हे मान्य असेल तर माझा विरोध मागे घेत नाही, पण मोजणी होईपर्यंत थांबवते.

थडीवाला

ताई, मान्य. मंडळींनी सांगितलेलं धरून अर्जाचा मसुदा बदलतोय, आणि त्यामागचं म्हणणंही लिहून टाकतो.

चट्टूगाचं वाचल्यापासून एकच गोष्ट मनात पक्की झाली आहे. आम्ही येणार ही बाब माणूस बघून ठरू नये, पाणी बघून ठरावी. मोठ्या साहेबांचा पाहुणा आहे म्हणून कमी पाण्यात सोडलं आणि गावातला पोरगा आहे म्हणून पुरेशा पाण्यातही अडवलं, असं होऊ नये. खालचा आकडा असा हवा की त्या पातळीला भोई दादांचं जाळं पाण्यात नसतं. डोहात मासा मिळतो ते दिवस पूर्णपणे त्यांचे. वरचा आकडा असा की चढत्या पुरात कोणी उतरणार नाही. हे दोन्ही आकडे आम्ही आमच्या मनाने लिहिणार नाही. इस्लापूरकर दादांसारखी माणसं काठावरच्या खुणेवरून जे सांगतील ते आणि जलसंपदा विभागाच्या मोजणीतले विसर्गाचे आकडे एक पावसाळाभर शेजारी शेजारी लिहून ठेवायचे. कुठल्या दगडावर पाणी आलं की जाळी बाहेर काढतात, कुठल्या झाडाच्या मुळाला लागलं की ढोरं वर नेतात, हे गावाला ठाऊक आहे. त्याला क्युसेकचा आकडा कोणी जोडलेला नाही. हे काम थडीवरून करायचं, त्याला नाव लागत नाही.

म्हणजे येता पावसाळा आम्ही अभयारण्याच्या पाण्यात उतरत नाही. नोंदी, नकाशा, ताईंची मोजणी, आणि गावात बचावाची शिकवणी. परवाना मागायचा तो त्यानंतर. मागताना गावातल्या ज्या पोरांना कयाक शिकायची असेल त्यांची नावं आमच्या आधी लिहायची. व्यावसायिक राफ्टिंगला आणि काठावरच्या तंबूंना विरोध त्याच अर्जात.

गटातल्या काहींना हे लांबण लावल्यासारखं वाटेल. वाटू दे. चट्टूगाची बंदी उठायला ३६ वर्षं लागली, कारण सुरुवातीला कोणी मोजलंच नव्हतं.

कुंडलिका गाइड

शिकवणीला मी येतो. जेवणाची आणि झोपायची सोय गावात झाली तर मानधन नको. चार जुन्या फेकदोऱ्या आणि हेल्मेट पाठवतो, ठेवून घ्या.

गोदाकाठ

एक शिकवणी पैठणलाही ठेवा. चप्पूवरची पोरं मी गोळा करतो.

लातूर ते अटलांटा

चट्टूगाच्या २०१२ च्या निर्णयाची कागदपत्रं सरकारी आहेत, सगळ्यांना खुली. अटींचा भाग मराठीत करून इथेच टाकतो. पंधरा दिवस द्या.

इस्लापूरकर

आता बोललात कामाचं. सरपंचायला सांगतो. ग्रामसभा पोळ्याच्या आधी नको, सगळे कामात असतेत. पोळा झाला की बगू. येताना नकाशा मोठा छापून आना, भिंतीला लावता यील असा, म्हाताऱ्या मानसायला जवळून दिसला पायजे. आनि दोन-चार जनच या, गाड्या भरून नको. जाळ्याच्या खुनेचा दगड कोनता ते आमचे काका दाखवतील, पन ते फोनवर बोलत नाईत, त्यायच्या सोबत थडीवर चालावं लागंल.

थडीवाला

दादा, चालतो. नकाशा सागवान काकांना दाखवून मगच छापतो.